स्थळाला तेराचा उतारा

तुळशीची लग्नं लागून आठवडा उलटला, तरी दानेश्वरी मंगल कार्यालयाची एकही तारीख गेली नव्हती. मालक पंचाक्षरी रोज सकाळी कुलूप काढत, खुर्च्यांवरची धूळ झटकत आणि करायला काही उरलं नाही की स्टेजवरच्या नवरदेवाच्या खुर्चीत स्वतःच जाऊन बसत. गारगोटी रोडला दोन वर्षांत तीन लॉन उभी राहिली होती. एकाच्या दारात तर राजवाड्याची कमान आणि सिमेंटचे दोन हत्ती होते. पंचाक्षरींच्या दारात एक बेलाचं झाड होतं, त्यांच्या आईनं लावलेलं. कार्यालयाला नावही तिचंच. "हितं पंगती उठल्या पायजेत," एवढंच ती माउली म्हणायची.

पंगती उठत नव्हत्या म्हटल्यावर पिराजी दलालानं एक गिऱ्हाईक काढलं. एका खताच्या कंपनीला गोडाऊन हवं होतं.

"आण्णा, लगीन वर्सातनं चार म्हैनं. खत बाराम्हाई," पिराजी म्हणाला. "आन् खत रुसत बी न्हाय, मानपान बी मागत न्हाय."

पंचाक्षरींना हे पटलं, आणि पटलं म्हणूनच वाईट वाटलं. आईच्या नावाच्या पाटीखाली युरियाची पोती! त्यांनी शेवटी एवढंच कबूल केलं, की या महिनाअखेरपर्यंत एकही लग्न ठरलं नाही तर कार्यालय कंपनीला द्यायचं. एक जरी ठरलं, तर द्यायचं नाही. पिराजी "बगा बाबा" म्हणून गेला आणि जाताना उगाच पावलांनी हॉलची लांबी मोजून गेला.

ही हकिकत कळल्यावर वीरेश पेटून उठला. वीरेश हा पंचाक्षरींचा एकुलता एक मुलगा. पुण्याला जाऊन तो मोबाईलवरच्या जाहिरातींचा कोर्स करून आला होता. गल्लीत मात्र, पोरगं मोबाईल दुरुस्ती शिकलंय, असाच समज होता आणि लोक त्याच्याकडे फुटलेल्या काचा घेऊन येत.

"अप्पा, लोक आता रस्त्यावरची पाटी बघून हॉल ठरवत न्हाईत," तो म्हणाला. "मोबाईलमध्ये शब्द टाकून शोधतात. आपण ते शब्द विकत घ्यायचे. कुणी तो शब्द टाकला की आपली जाहिरात दिसणार. त्यावर टिचकी मारली की आपला फोन नंबर."

"आन् पैसं?"

"नुसती दिसली तर काय न्हाय. टिचकी मारली तरच पैसे."

"म्हंजे आमंत्रण फुकट, जेवला तर ताटाचं पैसं," पंचाक्षरी म्हणाले. कार्यालयवाल्या माणसाला हा हिशेब लगेच कळला.

"बरोबर. आता शंभर जणांना जाहिरात दिसली, त्यातल्या किती जणांनी टिचकी मारली, तो आकडा महत्त्वाचा. त्याच्यावर नजर ठेवायची. दोन आला तर ठीक, पाच आला तर लई झालं."

हे सगळं कृष्णात कडेला बसून ऐकत होते. कृष्णात म्हणजे पंचाक्षरींचे बालमित्र, बिद्रीकडचे. साखर कारखान्यात जन्म काढून नुकतेच निवृत्त झालेले. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना उसाच्या भाषेत सांगितल्याशिवाय कळत नसे आणि एकदा तशी कळली की दुसऱ्या कुठल्या भाषेत ते ती समजून घेत नसत.

"आरं, मंग उतारा म्हण की सरळ!" कृष्णात मांडीवर थाप मारून म्हणाले. "शंभर टन ऊस गाळला, साखर किती पडली? त्यो उतारा. दुधाला फॅट, उसाला उतारा. ह्यात नवीन काय हाय?"

त्या दिवसापासून घरात त्या आकड्याला उतारा हेच नाव पडलं.

जाहिरात लिहायला वीरेश एक अख्खी दुपार बसला. डोक्यात सगळं इंग्रजीतून येत होतं. 'वेडिंग व्हेन्यू' हा शब्द त्याला अगदी हवा होता, पण गिऱ्हाईक मराठी. म्हणून त्यानं व्हेन्यूचं मराठी केलं: स्थळ. 'लग्नासाठी उत्तम स्थळ!' वाचायलाही भारदस्त वाटत होतं. पुढे 'दानेश्वरी मंगल कार्यालय, कोल्हापूर' असं टाकायला गेला, तर अक्षरं बसेनात. जागा मोजकीच. तेव्हा 'मंगल कार्यालय' काढलं आणि जाहिरात सुटसुटीत झाली: 'लग्नासाठी उत्तम स्थळ! दानेश्वरी, कोल्हापूर. आजच पाहायला या.' शब्दही त्याच बेतानं विकत घेतले: लग्न स्थळ, चांगलं स्थळ, कोल्हापुरातलं स्थळ.

पहिल्याच दिवशी उतारा सात लागला. दुसऱ्या दिवशी दहा. तिसऱ्या दिवशी तेरा!

"तेरा?" कृष्णात उभेच राहिले. "आरं, तेरासाठी आमचा चीफ केमिस्ट देव पाण्यात घालून बसायचा! वीरेश, लेका, सोनं केलंस." ते स्वतः जाऊन जिलेबी घेऊन आले. पंचाक्षरींनी दोन खाल्ल्या, तिसरी हातात घेतली आणि तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार पावणं," पलीकडचा आवाज अदबीचा होता. "ते मोबाईलवर दानेश्वरी म्हणून स्थळ बघितलं. तुमचंच न्हवं?"

"आमचंच की! बोला."

"घरचंच?"

"एकदम घरचं. माझ्या आईचं नाव दिलंय."

"वा वा. वय काय म्हणायचं?"

इमारत किती जुनी, हे विचारणारा माणूस चोखंदळ असणार, असं पंचाक्षरींना वाटलं. "औंदा एकवीस पुरं झालं."

"म्हंजे अगदी वेळेवर. दिसायला कसं?"

"फोटूत काय कळतंय? समक्ष बघा. दिवाळीतच गुलाबी रंग दिलाय. मूळचा जरा काळवंडला हुता."

पलीकडच्यानं घसा खाकरला. मग आवाज सावरून म्हणाला, "असू द्या, असू द्या. रंगाचं आमचं काय न्हाय. येक विचारू का? राग मानू नका. ह्याच्या आधी कुठं जमलंबिमलं हुतं का?"

"जमलं हुतं का म्हंजे?" पंचाक्षरींचा आवाज अभिमानानं चढला. "अवं, आजवर दोनशेच्या वर लग्नं झाल्यात! येकाची तक्रार न्हाय!"

"शिव शिव शिव," असं काहीतरी ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

दोनशे लग्नं झालेलं कार्यालय कुणाला का नको व्हावं, हे पंचाक्षरींना कळेना. तोवर दुसरा फोन आला. या वेळी एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "स्वयंपाकाचं काय?" पंचाक्षरींनी छातीठोकपणे सांगितलं, "ती काळजीच नको. हजार माणसांचा स्वयंपाक एका टायमाला उठतोय." बाई भारावून "अगं बाई, एकटीनं?" म्हणाल्या. तिसऱ्यानं व्यसनाची चौकशी केली. पंचाक्षरींनी प्रामाणिकपणे सांगितलं, की आत दारू चालत नाही, मागच्या पार्किंगमध्ये काय चालतं ते आम्ही बघत नाही.

दिवसभरात असे वीस-पंचवीस फोन झाले. तारीख एकानंही मागितली नाही. पंचाक्षरी बोलून बोलून थकले, तेव्हा त्यांच्या पत्नी अक्काताई बाहेर आल्या. त्यांचं माहेर संकेश्वरचं, कानडी मुलखातलं. बोलणं कमी, पण बोलल्या की निकाल लागे.

"जाहिरात दाखव बघू," त्या वीरेशला म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावून ती एकदा वाचली, दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचली आणि मग पदर तोंडाला लावून ज्या हसत सुटल्या, त्या भिंतीला टेकेपर्यंत.

"यप्पा! अवं, तुमी सकाळधरनं स्वतःच्या आईचं लगीन जमवायला लागलाय!"

मग उलगडा झाला. जिल्ह्यात पोरांच्या बापांना मुली मिळेना झाल्या होत्या. पोरं नोकरीची, पोरं बागायतीची, सगळी तशीच बसून. अशा बापांना मोबाईलवर 'उत्तम स्थळ, दानेश्वरी, आजच पाहायला या' असं दिसल्यावर ते काय नुसतं बघत बसणार? शंभरातले तेरा टिचकी मारत होते, हे उलट कमीच होतं.

"मी व्हेन्यूचं मराठी केलं, अव्वा!" वीरेश कळवळून म्हणाला. "आत्ता काढतो तो शब्द. वधू, वर, मुलगी, पत्रिका, हे शब्द टाकून कुणी शोधलं तर आपली जाहिरात दाखवू नका, असं सांगता येतंय."

"मंग उतारा?" कृष्णातांनी विचारलं.

"पडणार. दोनवर येईल."

"तेराचा दोन?" कृष्णातांचा चेहरा ऐन हंगामात कारखाना बंद पडल्यासारखा झाला. "आण्णा, ह्याला आवरा. हातानं कोन उतारा पाडतंय व्हय?"

खरं सांगायचं तर पंचाक्षरींनाही तो आकडा सोडवत नव्हता. पण निकाल लावला तो अक्काताईंनीच.

"राहू दे आठ दिवस," त्या शांतपणे म्हणाल्या. "आपलं बी येक स्थळ हायच की घरात. अठ्ठावीस पुरं झालं." आणि त्यांनी वीरेशकडे असं बघितलं, की तो मोबाईल घेऊन गच्चीवर निघून गेला.

तेव्हापासून फोन अक्काताईंच्या ताब्यात गेला. कुणीही फोन केला, की त्या समोरच्याला बोलायची उसंत न देता सांगत, "आमच्यात मुलगी न्हाय, मुलगा हाय. तुमच्या भावकीत कोन पोरगी हाय का? शिक्षण काय? उंची किती? फोटू पाठवा." एकदा तर चक्क एका मुलीनंच फोन केला. अक्काताईंना कोण आनंद! त्यांनी एका दमात शिक्षण, उंची आणि जेवणात तिखट किती लागतं, हे सगळं विचारून टाकलं. मुलीनं "सॉरी, राँग नंबर" म्हणून फोन ठेवला. पुढचे दोन दिवस अक्काताई हळहळत होत्या.

महिना संपत आला. आणि शुक्रवारी एक वजनदार आवाज आला.

"राजवर्धन बोलतोय. रविवारी स्थळ पाहणीसाठी येतोय. सोबत निशिगंधा असेल."

"या की!" अक्काताई म्हणाल्या. "जेवायलाच या."

"जेवायची काय गरज न्हवती," आवाज जरा गोंधळला, "पण बरं."

रविवारी घरात गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, शिजली, शेंगाच्या पोळ्या झाल्या. वीरेशला इस्त्रीचा शर्ट घालून कार्यालयाच्या दारात उभं केलं गेलं. पंचाक्षरींच्या मनात दोन्ही होतं. सून येणार म्हणून उकळ्या फुटत होत्या, आणि उद्या महिना संपतो, घरचं लग्न काही गिऱ्हाइकात धरता येत नाही, म्हणजे तिच्या लग्नाचा मांडव दुसऱ्याच्या लॉनमध्ये घालावा लागणार, या विचारानं ते पुन्हा पुन्हा आईच्या नावाच्या पाटीकडे बघत होते.

जीपमधून पन्नाशीचे गृहस्थ उतरले आणि त्यांच्यामागून एक तरतरीत मुलगी. तिच्या हातात मोजमापाची टेप होती. ती कशाला, हे विचारायचं अक्काताईंच्या लक्षातच आलं नाही. त्या मुलीकडेच बघत होत्या.

"उंची किती गं बाळ?" त्यांनी जवळ घेऊन विचारलं.

मुलीनं चमकून त्यांच्याकडे बघितलं. हा आवाज आपण कुठंतरी ऐकलाय, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"आमाला फार वेळ न्हाय," राजवर्धन म्हणाले. "स्थळ दाखवा."

"हे काय, समोरच हुबं हाय," पंचाक्षरींनी वीरेशला पुढे ढकललं.

राजवर्धनांनी वीरेशच्या डोक्यावरून मागच्या हॉलकडे नजर टाकली. "बाहेरनं बरं दिसतंय. आतनं कसं हाय?"

"आतनं एकदम निर्मळ," अक्काताई म्हणाल्या. "पोटात एक, ओठात एक, आसलं न्हाय."

"पावसाळ्यात ओल? गळती?"

"लहानपणी गळायचं नाक," त्या जरा ओशाळल्या, "आता न्हाय."

"उंदरांचं कसं काय?"

"भितोय जरा," त्यांनी कबूल करून टाकलं. वीरेशनं डोळे मिटून घेतले.

"त्याचा बंदोबस्त आमी करू," राजवर्धन म्हणाले. "वजनाचं सांगा. एका येळी दोन हजार पोती पेलली पायजेत."

"दोन हजार?" पंचाक्षरींनी मुलाच्या खांद्यांकडे बघितलं. "पावणं, त्यो कोर्स केलेला पोरगा हाय. दोन पोती म्हना."

राजवर्धनांना हे काही कळलं नाही, पण गावाकडची माणसं असंच बोलत असतील म्हणून ते पुढे गेले. "आनि एक. आमची कामं रात्रंदिवस चालतात. हितं पोरंबाळं नकोत."

आता मात्र अक्काताईंचा आवाज बदलला. "पोरंबाळं नकोत? मंग पावणं, लगीन कशाला करायचं?"

"लगीन न्हाईच करायचं हो! शेवटचं सांगा, अपेक्षा काय तुमची?"

"आमाला येक रुपाया नको," पंचाक्षरी छातीवर हात ठेवून म्हणाले. "नारळ आन् मुलगी द्या."

"कुणाची मुलगी?"

"तुमची!"

"मला दोन मुलगंच हायत," राजवर्धन म्हणाले. "पंचाक्षरी, खताच्या गोडाऊनला मुलगी कशाला लागतीया?"

वीरेशनं एक डोळा उघडला. पंचाक्षरींच्या ध्यानात आलं, की पिराजीनं कंपनीला नंबर दिला होता तो हाच.

आणि निशिगंधा खळखळून हसायला लागली. हसता हसता ती बेलाच्या पारावर बसली.

"काकू, तुम्हीच त्या!" तिला बोलवेना. "दहा दिवसांमागं मी फोन केलता! मला हॉल पायजे होता. तुम्ही उंची विचारलीत, तिखट विचारलंत. मला वाटलं, भलतीकडंच फोन लागला!"

"कसला हॉल?" पंचाक्षरींनी विचारलं.

"माझ्या लग्नाला. मी नेसरीची. नोकरी हितं कंपनीत, इंजिनियर म्हणून. माघातली तारीख धरलीय आणि एक हॉल रिकामा न्हाय. त्या लॉनवाल्यांनी तर हत्तीचं भाडंसुद्धा वेगळं सांगितलं."

अक्काताईंनी कपाळावर हात मारला. इतके दिवस सगळ्या जिल्ह्याचे फोन घेतले, आणि एकच खरं गिऱ्हाईक आलं, तर तेही आपण उंची विचारून पळवून लावलं!

राजवर्धन मात्र कामाचे. त्यांनी फाटकाकडे बघून मान हलवली. "हॉल बरा हाय. पन ट्रक वळायला हे बेलाचं झाड काढावं लागंल."

"ते न्हाय निघायचं."

हे शब्द आपल्याच तोंडून आले, हे पंचाक्षरींना नंतर कळलं. मग मात्र त्यांना फार हलकं वाटलं. "आईनं लावलंय. आन् साहेब, आमचं ठरलंच हुतं, महिन्यात येक जरी लगीन जमलं तर गोडाऊन न्हाय. महिना उद्या संपतोय." ते निशिगंधाकडे वळले. "पोरी, माघातली तारीख सांग. हत्ती न्हाईत आमच्याकडं. पन मांडव ह्या झाडापासनं घालू."

निशिगंधानं तारीख सांगितली. राजवर्धनांनी जरा तोंड वाकडं केलं, पण तोवर पानं वाढली होती. हुग्गीवर तूप पडल्यावर गोडाऊनचा विषय पुन्हा निघाला नाही. जाताना त्यांनी हळूच विचारलं, थोरल्यासाठी एक चांगलं स्थळ बघतोय, तुमच्याकडं बरेच फोन येतात म्हणं.

दुसऱ्या दिवशी वीरेशनं 'स्थळ' हा शब्द जाहिरातीतून हद्दपार केला. उतारा एका दिवसात दोनवर आला. कृष्णात भेटायला आले, ते कुणी गेल्यासारखे पायरीवर बसून राहिले. पंचाक्षरींनी त्यांची समजूत घातली, की गड्या, तेराच्या उताऱ्यात एक चमचा साखर घरात आली नव्हती. कृष्णातांना ते पटलं असं काही दिसलं नाही.

आठवड्यानं वीरेश धावत खाली आला. तोंडाचं पाणी पळालेलं.

"अप्पा, घात झाला! उतारा परत चढाय लागलाय! नऊ झालाय!"

"आता काय केलंस?"

"काय न्हाय! स्थळ काढून साधा शब्द टाकला. 'कोल्हापुरात प्रशस्त जागा.'"

एवढ्यात फोन वाजला. पंचाक्षरी त्याच्याकडे साप बघावा तसे बघत राहिले. दोघांपैकी कुणीच उचलत नाही म्हटल्यावर अक्काताई हात पुसत बाहेर आल्या.

"हां, बोला... जागा? व्हय, हितंच... न्हाय, गुंठ्यावर न्हाय. बरं... शिक्षण? दहावी?"

त्यांनी फोनवर हात ठेवून दोघांकडे बघितलं. "ह्यो विचारतोय, जागा निघाल्यात म्हणं, किती भरनार हायसा?"

वीरेशनं घाईघाईनं मोबाईल काढून 'जागा' हा शब्दही खोडायला घेतला. अक्काताईंनी एकदा रिकाम्या हॉलकडे बघितलं, माघातली हजार पानांची पंगत डोळ्यांसमोर आणली आणि फोन परत कानाला लावला.

"दहावीचं राहू दे पोरा. पंगतीत वाढाय येतंय का? मंग ये. आन् येताना आणखी चौघं घिऊन ये."